हंसाचा तळ केव्हा खरवडायचा

७ मे १९९७, बुधवार

आज आबा दारातून आत आले आणि मी श्वास रोखून धरला. बापाच्या वासाने श्वास रोखणारी मुलगी — लिहितानाही लाज वाटते. पण तो वासच तसा आहे. कुजलेली मासळी, डांबर, आणि त्याखाली जिभेवर येणारं काहीतरी, जुनं तांब्याचं भांडं चाटल्यासारखं. माय त्यांचे कपडे घरात आणू देत नाही. मोरीच्या बाहेर वेगळी बादली आहे.

हे सगळं कशासाठी, तर एका होडीच्या तळासाठी. होडी आमची नाही. जसवंतभाई जरीवालांची. त्यांच्या नवापुऱ्यातल्या ऑफिसात मी तीन आठवड्यांपासून टायपिंग करते आणि आबा सहा वर्षांपासून मगदल्ल्याच्या खाडीवर त्यांच्या शिडाच्या होडीचा तळ खरवडतात. शेठ तिच्यात बसून मुंबईच्या व्यापाऱ्यांना डुमसच्या किनाऱ्याकडे फिरवून आणतात. होडीचं नाव ‘हंसा’. शेठच्या वारलेल्या बायकोचं नाव. वर पांढरंशुभ्र शीड, आणि खाली जे काही आहे ते आमच्या घरात बादलीत भिजतं.

अख्ख्या घरात, अख्ख्या भावकीत मी पहिली ग्रॅज्युएट. मला हे बदलायचं आहे. कसं ते माहीत नाही.

८ मे

शेठनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर रंगाचा रिकामा डबा, शेजारी इंग्रजी पत्रक.

“बेटी, तू बी.एस्सी. है ना? केमिस्ट्री?”

“हो शेठ.”

“तो ये पढ़. और मुझे बता — हंसा का तला कब निकालना, कब रंगना. तांडेल था तब वो बोलता था. वो तो गया. अब जिसको पूछता हूँ वो अलग तारीख बोलता है.”

तांडेल म्हणजे होडी चालवणारा म्हातारा, मागच्या दिवाळीत वारला. त्याचा नेम ठरलेला होता. मे महिन्याच्या पुनवेच्या मोठ्या भरतीला होडी काठावर ओढून घ्यायची, पावसाळाभर तळ खरवडून जुना रंग लाकडापर्यंत काढायचा, भादव्यात रंगवून पुन्हा पाण्यात. मोठी भरती चुकली तर होडी वर चढत नाही, पंधरा दिवस थांबावं लागतं. यंदा पुनव बावीस तारखेला आहे.

“चार महीने खड़ी रहती है,” शेठ म्हणाले. “नवरात्र के पहले तैयार नहीं होती. कोई दूसरा रास्ता हो तो लिख के दे.”

लिखके दे! तीन आठवड्यांत पहिल्यांदा कोणीतरी मला टाइप करायला नाही, विचार करायला सांगितलं. बसमध्ये पत्रक तीनदा वाचलं. कोरडा रंग घासू नये. धूळ श्वासात जाऊ देऊ नये. हातमोजे घालावेत. त्वचेला लागल्यास भरपूर पाण्याने धुवावे.

आबा सहा वर्षं कोरडाच घासतात. तोंडाला उपरणं बांधून. उकाडा झाला की तेही काढून.

११ मे, रविवार

मगदल्ल्याला जाऊन आले. एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

ओहोटी होती. हंसा खाडीच्या चिखलात एका कुशीवर कलंडून पडली होती. वरून अशी देखणी, आणि कुशीखाली — शी. वीतभर हिरव्या केसांचं शेवाळ. त्याखाली पांढरे टोकदार कवचाचे जीव, एकाला एक चिकटून, बोट ठेवायला जागा नाही. मासेमारी करणाऱ्यांचा त्यांना वेगळा शब्द आहे, आबा नुसते ‘दाणे’ म्हणतात. दाण्यांची तोंडं उघडमीट करत होती. ऐकू येईल असा चर्र चर्र आवाज. त्यातून गढूळ पाणी गळत होतं आणि त्या पाण्याखाली माझे आबा उताणे झोपून लोखंडी पत्रीने खरवडत होते. जे निघेल ते छातीवर, मानेवर, ओठांवर.

मी बाजूला जाऊन ओकले.

सुकदेवकाका हसले. ते धरणगावचे, आबांच्या जोडीला तळाखाली असतात. “आली का पास झालेली? अगं, अजून तर काहीच नाही. वर ओढल्यावर सुकते ना, तेव्हा ये. कुत्रंसुद्धा लांबून जातं.”

“मग ओलं असतानाच सगळं का नाही काढत?”

“ओलं असताना भरती येते बाई. तुझ्या शाळेत भरती थांबते का?”

जेवायला बसलो तेव्हा आबांचे हात पाहिले. बोटांच्या पेरांत लालभडक चिरा. भाकरी मोडताना ते अंगठा वापरत नाहीत हे मला आजवर दिसलं नव्हतं.

मी विचारलं, “आबा, हे दाणे दुसऱ्या कशाने मरत नाहीत का?”

ते म्हणाले, “गोडं पानी लागनं का मरी जातस.”

“गोड्या पाण्याने?”

“आपली तापीमा कधी दाना दिखना का तुले? तिकडे, शिरपूरकडे?”

खरंच. आम्ही भोई. आजोबा तापीत नाव हाकायचे. उन्हाळ्यात त्या नावेखाली आम्ही पोरं सावलीला बसायचो, लाकूड हाताला गुळगुळीत लागायचं. तीच तापी इथे समुद्राला मिळते म्हणून खारी होते. पण पावसाळ्यात उकाई धरणाचं पाणी सुटलं की मगदल्ल्यापर्यंत नदी गोडी असते, दोन महिने तरी. मग होडी वर ओढायचीच कशाला? आतल्या खाडीत, धारेपासून बाजूला, पाण्यातच बांधून ठेवली तर?

मी हे सगळं भराभरा बोलून दाखवलं. आबांनी हात धुतले. चिरांना पाणी लागल्यावर डोळे मिटले.

“होतं ना असं, आबा?”

“व्हस,” ते म्हणाले. मग उपरण्याला हात पुसत, “जाऊ दे पोरी. ते आपलं काम नही.”

हेच! हेच मला सहन होत नाही. ठाऊक असायचं आणि ‘आपलं काम नाही’ म्हणून पुन्हा तळाखाली जाऊन झोपायचं.

१३ मे

रिपोर्ट दिला. दोन पानं, इंग्रजीत, स्वतः टाइप केला. खाऱ्या पाण्यातले जीव गोड्या पाण्यात जगत नाहीत. होडी मे महिन्यात वर ओढू नये. पावसाळाभर आतल्या खाडीत ठेवावी. ऑगस्टच्या अमावास्येला ओहोटीत तळ तपासावा. कवचं सुटलेली असतील, ती काथ्याने निघतील. फुगलेला रंग तेवढाच काढावा, पूर्ण तळ सोलायची गरज नाही. दोन हात नवा रंग, लगेच पाण्यात.

शेठनी चष्मा काढून पाहिलं. “वाह. ये है पढ़ाई. तांडेल चालीस साल पानी में रहा, उसको नहीं सूझा.”

त्या वेळी मी ‘हे आबांनी सांगितलं’ असं म्हणू शकले असते. शब्द जिभेवर आले होते. पण ‘बळीराम म्हणतो’ म्हटलं असतं तर शेठनी ती दोन पानं ड्रॉवरमध्ये टाकली असती. बळीरामचं कोण ऐकतं? रिपोर्टवर सही बी.एस्सी. मुलीची आहे म्हणूनच तर वाचला. शेवटी सुटका आबांचीच होणार आहे ना?

तरीही जिन्यावर थांबून रिपोर्टच्या कार्बन कॉपीवरची माझी सही पुन्हा पाहिली.

१४ मे

शेठचा होकार.

२२ मे, पुनव

मोठी भरती आली आणि गेली. सहा वर्षांत पहिल्यांदा हंसा वर ओढली नाही. आबा आणि सुकदेवकाकांनी तिला आतल्या खाडीत नेऊन चार दोरांनी बांधलं. घरी आल्यावर आबा हातपाय धुवून बसले. मी म्हटलं, “आता चार महिने त्या घाणीखाली झोपायला नको.”

“हां,” म्हणाले.

माय चुलीपाशी होती. तिने पोळी इतक्या जोरात तव्यावर टाकली की मी दचकले.

५ जून

आबांना काम नाही. मी शेठना विचारलं, पावसाळाभर त्यांना राखणदार म्हणून ठेवता येईल का. “बाद में देखेंगे.” दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा वरही पाहिलं नाही.

आजपासून आबा आणि सुकदेवकाका इच्छापोरला कारखान्यावर जातात. ठेकेदाराकडे. गोणी उचलायच्या. कसल्या गोणी ते आबांनाही माहीत नाही, पांढरी पावडर आहे म्हणाले. ठेकेदार रोज सकाळी फाटकापाशी उभा राहून माणसं निवडतो, दंड दाबून बघतो. आबा पन्नाशीचे आहेत. आज त्यांना सगळ्यांत शेवटी घेतलं.

दंड दाबून! बैलबाजारासारखं. त्या ठेकेदाराला मी पाहिलेलं नाही, तरी त्याची बोटं मला माझ्या दंडावर जाणवतात.

८ जून

आबांच्या बोटांच्या चिरा मिटत आल्या. मायला दाखवलं. ती म्हणाली, “हां. आता पाठ दाखवू का त्यासनी?”

२९ जून

आबांना पाच दिवस कोणी निवडलं नाही. ते तरीही सकाळी डबा घेऊन निघतात आणि दुपारी भरलेला डबा परत आणतात. माय तोच डबा रात्री वाढते.

मी मात्र भात चिवडत बसले. ऑफिसात आज शेठच्या पुतण्याने चार जणांसमोर विचारलं, “हंसा का डॉक्टर कौन? ये बेन?” सगळे हसले, पण चांगलं हसले. मला आवडलं. मग घरी येऊन तो डबा पाहिला आणि मला स्वतःची शिसारी आली.

१३ जुलै, रविवार

उकाईचं पाणी सोडलं. पुलावरून नदी पाहिली — लाल, जाड, झाडाच्या फांद्या घेऊन पळत होती. बसमधल्या बायका हात जोडत होत्या. मी मनात म्हटलं, आता दाणे मरतील.

आबा शेजारीच बसले होते. तेही नदीकडेच पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मला कळलं नाही. आनंद नव्हता.

३ ऑगस्ट, अमावास्या

शेठच्या गाडीतून मगदल्ल्याला गेले. आयुष्यात पहिल्यांदा मोटारीच्या पुढच्या सीटवर. आबा आणि सुकदेवकाका सकाळीच चालत पोचले होते, शेठनी दोघांना मुद्दाम बोलावलं होतं.

ओहोटीत हंसा पुन्हा कुशीवर पडली होती. वास मात्र असा की शेठनी अत्तराचा रुमाल नाकाला धरला आणि तो खाली आणलाच नाही. सगळं मेलं होतं. हिरवं शेवाळ तपकिरी पडून चोथ्यासारखं लोंबत होतं. दाण्यांची तोंडं उघडी, आत काळं. माशा एवढ्या की तळच हलतोय असं वाटत होतं. या वेळी मी ओकले नाही. तो वास माझ्या रिपोर्टचा होता.

“बळीराम, दिखा,” शेठ म्हणाले.

आबांनी काथ्याची जुडी घेतली आणि एकदाच हात फिरवला. दाणे पडले. खरंच पडले, निवडलेल्या तांदळासारखे, चिखलात टपटप. खाली लाल रंग शाबूत. आबांनी दुसरा हात फिरवला. तिसरा. पत्रीने आठवडा लागायचा तेवढा तळ चहा निवायच्या आत मोकळा झाला.

“आहाहा,” शेठ म्हणाले. “छह साल हम पागल थे क्या? देख बळीराम, तेरी बेटी ने क्या किया.”

“हां साब,” आबा म्हणाले. काथ्या खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मग तळाकडे.

सुकदेवकाका दोर गुंडाळत होते. माझ्या जवळून जाताना हळूच म्हणाले, “बाई, तळ तर साफ झाला. आता आमचा पण झाला.”

५ ऑगस्ट

मला बढती. टायपिंग सोडून ‘असिस्टंट’. खुर्ची बदलली, पंखा डोक्यावर आला. मग नव्या खुर्चीवर बसून पहिलं पत्र टाइप केलं. हंसाचे पावसाळी काम या वर्षापासून बंद. बळीराम भोई व सुकदेव पाटील यांची नेमणूक समाप्त. रंगाचे दोन दिवस गरजेप्रमाणे मजूर घ्यावेत.

शेठ वाचून पाहा म्हणाले. वाचलं. एकही चूक नव्हती.

६ ऑगस्ट

सुकदेवकाका कोसाडला आमच्या घरी आले. चहा घेतला नाही.

“बळीरामभाऊ, पोरगी शिकव म्हणून गावभर सांगत होतास ना? शिकली. पहिल्यांदा आपल्याच तळाला पत्री लावली तिने.”

आबा म्हणाले, “सुकदेव, चहा पी.”

“नको. दोन पोरं आहेत माझी. दोघांना यंत्रमागावर घालतो, कडोदऱ्याला. शिकवत नाही. बरं झालं, तुझ्याकडे बघून कळलं.”

मी आत होते. बाहेर यायला पाहिजे होतं.

११ ऑगस्ट

आज मी खरं बोलले.

दोन रात्री विचार केला. चूक कुठे झाली ते सापडलं — मी आबांचं श्रेय घेतलं, तिथे. ज्याचं ज्ञान त्याला दिलं असतं तर शेठनी त्यांना काढलं नसतं, उलट तांडेलच्या जागी ठेवलं असतं. तळ कधी काढायचा, रंग कधी लावायचा, हे ज्याला नदीवरून कळतं असा माणूस कोण सोडेल?

केबिनमध्ये गेले. उभ्यानेच सांगितलं. “शेठ, रिपोर्टमधली गोष्ट माझी नव्हती. माझ्या वडिलांची होती. गोड्या पाण्याने दाणे मरतात हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. मी त्यांचं नाव लिहिलं नाही. माझं चुकलं.”

मला वाटलं होतं ते उठतील. किंवा हसतील. त्यांनी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. पेन खाली ठेवलं.

“पहले से? कितना पहले?”

तेव्हा मला खड्डा दिसला. पाय आधीच पडला होता.

“माहीत नाही,” मी म्हटलं.

“बेटी, छह साल वो आदमी मेरी बोट खरवडता था. चार-चार महीना. हर साल पूरा रंग निकालता था, लकड़ी तक. और उसको मालूम था कि पानी में रखो तो अपने आप निकलेगा?” आवाज चढला नाही. चढला असता तर बरं. “मैं तो उसको सीधा आदमी समझता था. धक्के पर सबको बोलता था, बळीराम जैसा सीधा कोई नहीं.”

“शेठ, तसं नाही —”

“उसको भेज गुरुवार को. मैं पूछूँगा. मालूम था तो फिर मगदल्ला में सबको बताना पड़ेगा वो कैसा आदमी है, उनके भी बोट हैं.”

मी खरं बोलले आणि त्या खऱ्याने माझ्या बापाला चोर केलं. सबंध रस्ता मला तोंडात तीच तांब्याची चव येत होती.

१२ ऑगस्ट

मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली नाही.

“तुले काय वाटनं, त्यासले समजत नव्हतं? पहिलाच पानीमा समजनं व्हतं.”

पहिल्याच पावसाळ्यात! होडी वर ओढली होती पण तिच्या मागे बांधायची छोटी नाव, डिंगी, खाडीत राहून गेली होती, आणि श्रावणात आबांनी ती उलटी केली तर तळ गुळगुळीत. त्या संध्याकाळी घरी येऊन मायला सांगितलं होतं.

“मग शेठला का नाही सांगितलं?”

“तुनी फी भरानी व्हती,” माय म्हणाली. “तू नुकतीच अकरावीले गयी व्हती. त्यानंतर बारावी. त्यानंतर कॉलेज. दर साल जून येस ना?”

मग ती म्हणाली, आणि हे मला तिच्याच शब्दांत लिहायला हवं पण हात चालत नाही — शेठने एकदा जरी विचारलं असतं तर खोटं बोलले नसते ते. कोणी विचारलंच नाही. तू पहिली विचारणारी. म्हणून तुला सांगितलं.

मी उठून मोरीपाशी गेले आणि ती बादली पाहत उभी राहिले. रिकामी होती. अडीच महिने रिकामी आहे. मला कशाची किळस येते आहे तेच कळेना. आबांनी लबाडी केली का? केली. माझ्या पुस्तकात त्याला हाच शब्द आहे. आणि ती लबाडी करताना त्यांनी स्वतःचेच हात सोलले, चार चार महिने, विनाकारण, उताणे पडून, तोंडावर घाण झेलत. अशी लबाडी कोण करतं? मी त्या वासाने श्वास रोखायची. त्याच वासात बसून अभ्यास करायची.

१३ ऑगस्ट

आबांना सांगितलं, उद्या शेठनी बोलावलंय. का तेही सांगितलं. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी खांदे धरून सरळ केलं.

“तू कितलं सांगं त्यासले?”

“तुम्हाला आधीपासून माहीत होतं, एवढंच. कधीपासून ते नाही.”

त्यांनी मान हलवली. मग दाढी करायला पाणी मागितलं. उद्याची दाढी आजच.

१४ ऑगस्ट, गुरुवार

केबिनमध्ये आबा उभे. मी दारात. शेठनी बसा म्हटलं, आबा बसले नाहीत.

“बळीराम, सच बोल. तेरे को मालूम था? मीठे पानी का?”

आबांनी टोपी हातात घेतली होती. “साब, मेरेकू क्या मालूम? हम नदी का आदमी, उधर दाणा होता ही नहीं. लड़की ने किताब में पढ़ा. घर में मेरेकू समझाया, मैं तो हँसा.”

“वो तो बोलती है तूने बताया.”

“बाप का काम गया ना साब. उसको बुरा लगता है. मेरा नाम लगाया तो आप रखेंगे, करके बोलती है.” मग माझ्याकडे वळून, अगदी घरच्यासारखं रागावून, “असं खोटं बोलतस का मोठा माणूसजवळ?”

शेठसमोर. मला. आणि त्यांचा आवाज एकदाही हलला नाही.

शेठ आळीपाळीने दोघांकडे बघत राहिले. शेवटी मला म्हणाले, “किताब में था? तो शनिवार को मुझे किताब का नाम दे. मैं मुंबई से मँगाऊँगा. फिर मानूँगा.”

आज बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या सीटवर बसलो. गर्दी होती म्हणून नाही.

१५ ऑगस्ट

सुट्टी. शाळेच्या मैदानात पोरं झेंड्याखाली उभी होती. मी कॉलेजात याच दिवशी भाषण केलं होतं, खरं बोलण्यावर. बक्षीस मिळालं होतं, स्टीलचा पेला. माय त्यातच आबांना पाणी देते.

खोटं नाव दिलं तर मी आयुष्यभर दुसऱ्याच्या पाण्यावर मिळालेल्या खुर्चीत बसणार. खरं सांगितलं तर आबा मगदल्ल्याच्या प्रत्येक धक्क्यावर ‘तो माहीत असून खरवडणारा’ होणार, आणि सुकदेवकाकाही, ज्यांना काही ठाऊकच नव्हतं. दिवसभर खोलीत बसले. कुठलंही उत्तर स्वच्छ नाही. दोन्हीकडे हात घातला तर लिबलिबीत काहीतरी हाताला लागतं.

१६ ऑगस्ट, शनिवार

पुस्तकाचं नाव दिलं, मनानेच बनवलेलं. शेठनी डायरीत लिहून घेतलं. मुंबईत मिळणार नाही, जुनं आहे, कॉलेजच्या लायब्ररीतली प्रतही फाटली, असंही म्हटलं. एवढं सगळं एका दमात. मग ते म्हणाले, “रंग का काम बळीराम और सुकदेव को दे दे.”

आबा खाली बसस्टॉपवर थांबले होते.

“काय नाव सांगं?”

“बोट्स इन स्वीट वॉटर.”

“म्हंजे?”

“गोड्या पाण्यातल्या नावा, आबा.”

“मालेबी कोणी इचारी तं?” म्हणाले, आणि बस येईपर्यंत ते नाव हळू आवाजात पाठ करत राहिले. ‘स्वीट’ त्यांना जमत नव्हतं. मी त्यांच्याकडून चार वेळा म्हणून घेतलं.